बटणाचा फोन सोडून स्मार्टफोन घेताय? सिम आणि डेटा प्लॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले भाव जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर लागू झालेले आहेत. त्यानंतर काही प्लॅन बदलले, काही बंद झाले. तेव्हा आकडे हिशोबाची रीत दाखवण्यापुरते घ्या आणि रिचार्ज मारण्याआधी कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायच्या (दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेच्या) टॅरिफ पोर्टलवर आजचा भाव ताडून बघा.

आधी फोन घेऊ, की आधी प्लॅन ठरवू?

आधी रेंज बघा. मग आपला वापर किती ते ठरवा आणि भाव सगळ्यात शेवटी पाहा. दुकानात सगळं उलट्या क्रमाने चालतं. पहिल्यांदा फोन गळ्यात पडतो, मग दुकानदार त्याला परवडणारं सिम घालून देतो आणि घरी आल्यावर कळतं की माजघरात फोन लागतच नाही. स्वस्त प्लॅनला रेंज नसेल तर तो फुकट मिळाला तरी महागच.

कुठल्या कंपनीची रेंज चांगली, हे सिम न घेता कसं कळणार?

शेजाऱ्यांकडून. जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया) आणि बीएसएनएल अशा चार कंपन्या आहेत आणि गल्लीत चारही सिम कुणा ना कुणाकडे असतातच. त्यांना चहाला बोलवा आणि फोन घेऊन आत स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्या. अंगणात चार कांड्या दाखवणारा फोन जांभ्याच्या भिंतीआड गेला की एका कांडीवर येतो, हे कोकणातल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांना सांगायला नको. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी (७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ) लांब जातात आणि भिंतीही बऱ्यापैकी भेदतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा वेग चांगला असतो, पण भिंतीपुढे त्या लवकर हार मानतात. म्हणून एकाच कंपनीचं नेट ओसरीवर पळतं आणि आतल्या खोलीत रांगतं.

वेळही महत्त्वाची. दुपारी तीनला सगळ्यांचंच नेट चालतं. रात्री जेवणं झाल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, अख्खं गाव मोबाईलवर असतं, तेव्हा बघा. पावसाळ्यात आणखी एक चौकशी करा: लाईट गेली की टॉवर किती वेळ तग धरतो? काही टॉवरची बॅटरी लगेच मान टाकते, काही ठिकाणी डिझेलवर चालू राहतो. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण गावातल्या पोराटोरांना नेमकं ठाऊक असतं.

कंपन्यांच्या साइटवर कव्हरेजचे नकाशे असतात आणि ट्रायचं ‘मायस्पीड’ नावाचं ॲपही आहे. दोन्ही जरूर बघा, पण नकाशावर रंग भरलेला आहे म्हणजे तुमच्या खाटेवर फोन लागेल असं नाही. आणि फक्त घरापुरतं पाहू नका. शेत, मुलाची शाळा, नेहमीचा दवाखाना, माहेरचं किंवा सासरचं गाव, जिथे जिथे वर्षातले बरेच दिवस जातात, तिथलंही विचारा.

माझं जुनं सिम नव्या फोनमध्ये चालेल का?

बहुधा तसंच नाही चालणार. बटणाच्या फोनचं सिम मोठं, स्मार्टफोनचा खण नॅनो सिमचा. कात्रीने कापून बसवायचे दिवस गेले. कंपनीच्या दुकानात आधार घेऊन गेलात तर त्याच नंबरचं नवं फोरजी सिम मिळतं.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो, कारण त्यावरून लोकांची धावपळ होते. सिम बदललं की साधारण २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक करणाऱ्यांनी परस्पर सिम बदलून ओटीपी पळवू नयेत म्हणून ही सोय आहे. त्या दिवशी बँकेचं काम, गॅसचं बुकिंग किंवा पेन्शनचं काही ठेवू नका. दुसरी गोष्ट अशी की १ जुलै २०२४ पासून, हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमच्या जागी नवं घेतलं असेल तर पुढचे सात दिवस नंबर पोर्ट करता, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता, येत नाही. म्हणजे कंपनी बदलायचं पक्कं असेल तर जुन्या कंपनीचं सिम बदलण्यात वेळ घालवू नका, थेट पोर्ट करा.

जिओचं सिम जुन्या टूजी बटणाच्या फोनमध्ये चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. पहिल्या दिवशी, म्हणजे ५ सप्टेंबर २०१६ ला, ती थेट फोरजीवरच सुरू झाली. नवा फोन बिघडला तर जुन्या फोनवर काम भागवू असा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. आणि सध्या जिओफोन किंवा जिओभारत वापरत असाल तर तिथला स्वस्त प्लॅन त्याच हँडसेटपुरता असतो. स्मार्टफोनमध्ये आल्यावर नेहमीचा प्लॅन घ्यावा लागतो.

मला रोज दीड जीबी लागेल का?

दुकानदार ‘लागेलच’ म्हणेल. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात बहुतेकांना लागत नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र काहींना तेही पुरत नाही, आणि तुम्ही कुठल्या गटातले ते आज तुम्हालाही सांगता येणार नाही.

व्हॉट्सॲपवर नुसतं लिहायला-वाचायला नगण्य डेटा जातो. युपीआयवरून पैसे पाठवले तरी तेच. गाणी ऐकलीत तर मध्यम दर्जाला तासाला सत्तरेक एमबी (साधारण हजार एमबी म्हणजे एक जीबी). व्हॉट्सॲपवरचा नुसता आवाजाचा कॉल तासाला पन्नास एमबीच्याही आत राहतो. खरा खादाड म्हणजे व्हिडिओ. यूट्यूब ४८० पी वर (चित्राचा मध्यम दर्जा) ठेवलंत तर तासाला साधारण अर्धा जीबी, ७२० पी वर त्याच्या दुप्पट किंवा अधिक. पुण्या-मुंबईत किंवा थेट अमेरिकेत असलेल्या नातवाशी रोज वीस मिनिटं व्हिडिओ कॉल केलात तर शंभर-दीडशे एमबी धरून चाला.

आता एखाद्या घरचा हिशोब मांडू. सकाळी अर्धा तास अभंग, दिवसभर व्हॉट्सॲप, संध्याकाळी नातवाचा कॉल, रात्री तासभर कीर्तन किंवा मालिकेचा राहिलेला भाग ४८० पी वर. बेरीज होते साधारण पाऊण जीबी. दीड जीबीतला निम्मा डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जातो. रोजचा कोटा हा खानावळीच्या कुपनासारखा असतो, आज जेवला नाहीत म्हणून उद्या दोन ताटं मिळत नाहीत. पण याच घरातल्या दहावीच्या मुलाच्या हाती फोन गेला आणि रील सुरू झाले की दीड जीबी संध्याकाळी सहालाच संपतो.

म्हणून सरळ मार्ग असा: पहिला महिना लहान प्लॅन घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डेटा युसेज’ असतं, तिथे कुठल्या ॲपने किती खाल्लं ते दिसतं. महिनाअखेरीस तो आकडा बघा आणि मग प्लॅन निवडा. वर्षाचा प्लॅन पहिल्याच दिवशी घेऊ नका, तो कितीही स्वस्त वाटला तरी.

पहिल्याच दिवशी सगळं नेट संपलं. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे. नवा फोन चालू झाला की आधीची सगळी ॲप अपडेट होतात, फोनचं स्वतःचं अपडेट उतरतं, आणि फोटो गूगलवर चढायला लागतात. यातच एक-दोन जीबी सहज जातात. पहिली जोडणी कुणाच्या तरी वायफायवर करा. प्ले स्टोअरमध्ये अपडेट ‘फक्त वायफायवर’ ठेवा, फोटोंचा बॅकअपही तसाच. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात आणि नात्यागोत्यातल्या पाच ग्रुपवर फिरणारा एकच व्हिडिओ तुमच्या पैशाने पाचदा उतरावा, याला काही अर्थ नाही.

डेटा संपल्यावर पैसे कापले जातात का?

आताच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये नाही. वेग घसरतो. कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस मिळतात, म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून जास्त. साधा मेसेज जातो, व्हिडिओ विसरा. फारच अडलं तर एक जीबीचा टॉपअप वीसेक रुपयांना मिळतो, पण त्याची मुदत बघून घ्या, बहुतेक वेळा ती एक-दोन दिवसांचीच असते. रात्री दहाला कोटा संपला असेल तर टॉपअप मारण्यापेक्षा झोपून जा, बाराला नवा कोटा येतो.

दोन प्लॅनची तुलना नेमकी कशी करायची?

किमतीला दिवसांनी भागा. ‘महिन्याला इतके’ हा शब्द डोक्यातून काढून टाका, कारण प्लॅन महिन्याचा नसतो, २८ दिवसांचा असतो. वर्षात २८ दिवसांचे रिचार्ज बारा नाही, तेरा लागतात. २९९ चा प्लॅन वर्षाला ३,५८८ ला पडेल असं वाटतं, प्रत्यक्षात ३,८८७ जातात. या तेराव्या रिचार्जवरून बरीच ओरड झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन द्यावा. असे प्लॅन आहेत, पण ॲपमध्ये खाली कुठेतरी असतात. विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

आता जुलै २०२४ मधली एक गंमत पाहा. वर्षभराच्या लहान प्लॅनमध्ये जिओचा १,८९९ चा होता, एअरटेल आणि व्हीचा १,९९९ चा. तिघांतही डेटा २४ जीबी, कॉल अनलिमिटेड. वरवर पाहिलं तर जिओ शंभर रुपयांनी स्वस्त. पण जिओची मुदत ३३६ दिवस होती, बाकीच्या दोघांची ३६५. भागून बघा: जिओ दिवसाला ५ रुपये ६५ पैसे, एअरटेल आणि व्ही ५ रुपये ४८ पैसे. म्हणजे स्वस्त दिसणारा प्लॅनच महाग होता.

रोजच्या दीड जीबीच्या २८ दिवसांच्या प्लॅनमध्ये मात्र उलटं चित्र. जिओ २९९, एअरटेल आणि व्ही ३४९. पन्नासाचा फरक, तेरा रिचार्जचे साडेसहाशे रुपये. कंपनी एकच, तरी एका प्रकारात ती स्वस्त आणि दुसऱ्यात महाग. त्यामुळे ‘अमुक कंपनी स्वस्त’ हे वाक्य ऐकलं की ‘कुठला प्लॅन?’ एवढंच विचारा.

आणखी दोन बारकावे. काही पेमेंट ॲप रिचार्जवर रुपया-दोन रुपये स्वतःची फी लावतात, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ती सहसा लागत नाही. आणि पोस्टपेडच्या जाहिरातीतला आकडा जीएसटीशिवाय असतो. ३९९ चं बिल १८ टक्के कराने ४७१ च्या घरात जातं, प्रीपेडची किंमत मात्र करासकट असते.

आईला फक्त फोन उचलायचा आणि करायचा असतो. नेट घ्यायलाच हवं का?

नको. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आले. तेव्हा ८४ दिवसांसाठी जिओचा ४४८ चा आणि एअरटेलचा ४६९ चा होता. घरात वायफाय असेल तर स्मार्टफोनवालीलाही हा प्लॅन पुरतो. घरी वायफायवर व्हिडिओ कॉल, बाहेर साधा कॉल. फक्त बाहेर पडल्यावर युपीआय आणि नकाशा बंद राहील, एवढं आईला सांगून ठेवा. नाहीतर भाजीवाल्यासमोर उभं राहून फोन हलवत बसावं लागेल.

फाइव्हजी अनलिमिटेड म्हणतात, मग तोच का घेऊ नये?

तीन अटी एकदम जुळल्या तर घ्या: फोन फाइव्हजीचा, तुमच्या ठिकाणी त्याच कंपनीचं फाइव्हजी आणि प्लॅन त्या पात्रतेचा. जिओ आणि एअरटेलने २०२४ च्या दरवाढीत ही सवलत रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरती ठेवली. फाइव्हजी सोडून फोन फोरजीवर आला की वापर पुन्हा रोजच्या कोट्यातून जातो, आणि खेड्यात तो दिवसातून दहादा असा उड्या मारतो. शहरात राहता, रोज दोन-तीन तास व्हिडिओ बघता, तर फायद्याचं. नाहीतर फाइव्हजीच्या नावाने जास्तीचे पैसे देऊ नका.

बीएसएनएल स्वस्त आहे. घ्यावं का?

भाव खरंच कमी असतात. पण खाजगी कंपन्यांचं फोरजी गावागावात पोचलं तेव्हा बीएसएनएल बऱ्याच ठिकाणी टूजी-थ्रीजीवरच होतं. तिच्या देशी बनावटीच्या फोरजीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं. काही डोंगराळ भागांत आजही बीएसएनएलशिवाय दुसरा टॉवर नाही. तिथे प्रश्नच मिटला. बाकीच्यांनी वर सांगितलेली चहाची चाचणी करावी. आणि फोन घेताना बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आहे ना ते बघावं. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० वर आहे, आणि आतल्या खोलीत ७०० चाच आधार असतो.

नंबर तोच ठेवून कंपनी कशी बदलायची?

नंबर पोर्ट करायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० ला पाठवा. आठ अक्षरा-आकड्यांचा कोड येतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात तो चार दिवस चालतो. तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये (मोबाईल सेवेच्या विभागात) कामाचे तीन दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच.

सर्कलचा हा घोळ आपल्याकडे नेहमी होतो. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, पण मुंबईचं सर्कल वेगळं आहे. चिपळूणचा नंबर घेऊन मुंबईत लेकाकडे कायमचे राहायला आलात आणि इथलं सिम करायचं म्हटलं तर ते दुसऱ्या सर्कलमधलं पोर्टिंग ठरतं.

जुन्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. रिचार्ज संपलेला असला तरी १९०० ला मेसेज जाऊ द्यायलाच हवा, हे ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. तेव्हा ‘आधी रिचार्ज मारा, मगच पोर्ट होईल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उलट जुन्या सिमचा रिचार्ज संपत आला असतानाच पोर्ट करा, कारण उरलेला बॅलन्स आणि दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. वर्षाचा रिचार्ज मारून दुसऱ्याच महिन्यात पोर्ट करणारे पाहिले आहेत, आणि त्यांची समजूत घालणं फार कठीण जातं.

कोड मागितल्यावर जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. त्या वेळी मिळणारी सवलत कधी कधी खरोखर चांगली असते. ऐकून घ्या, पण मेसेजमध्ये लिहून मागा.

सिम माझ्या नावावर नाही. पोर्ट होईल का?

ज्याच्या नावावर आहे त्यालाच जावं लागेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सिम पुतण्याच्या, दुकानदाराच्या, नाहीतर गेलेल्या माणसाच्या नावावर घेतलेली असतात आणि ते स्मार्टफोन घेताना उघडं पडतं. आधी नंबर आपल्या नावावर करून घ्या, मग पोर्ट करा. बँकेला जोडलेला नंबर दुसऱ्याच्या नावावर असणं तसंही बरं नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. एका माणसाला नऊपर्यंत चालतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

रस्त्यावर छत्री लावून सिम देणाऱ्यांकडून घेणार असाल तर अंगठा एकदाच द्या. ‘मशीनने घेतला नाही, परत ठेवा’ म्हणून दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम काढल्याचे प्रकार झाले आहेत. खरंच परत द्यावा लागला, तर त्याच संध्याकाळी संचार साथीवर यादी बघा.

दोन सिमचा फोन आहे. दोन कंपन्या ठेवू?

रेंजची खात्री नसेल तर उत्तम उपाय. जुना नंबर एका खणात लहानात लहान प्लॅनवर, दुसऱ्या खणात ज्याचं नेट चांगलं ते. फक्त सेटिंगमध्ये मोबाईल डेटा कुठल्या सिमवर आहे ते ठरवून द्या. आणि जुनं सिम अडगळीत टाकू नका. ९० दिवस वापर नसेल आणि खात्यात बॅलन्स नसेल तर नंबर काढून घेतला जातो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो. निदान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते.

परदेशातल्या मुलीला साध्या कॉलने फोन केला तर अनलिमिटेडमध्ये धरतात का?

नाही. अनलिमिटेड फक्त देशात. परदेशी नंबरला लावलेल्या कॉलचे मिनिटाला पैसे पडतात. तिला व्हॉट्सॲपवरच बोलवा, किंवा मिस कॉल द्या आणि तिला करू द्या. आलेला कॉल उचलायला काही लागत नाही.